दिवसभर देवाचंच काम, मग स्वतःची श्रद्धा कुठे ठेवायची?

अमेरिकेतल्या युटामधल्या लीहाय गावातल्या, आपल्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चमधल्या एका मराठी घरातल्या मुलीनं विचारलं आहे: “मिशनचं, म्हणजे धर्मप्रचाराला जायचं, पत्र आलं. इंग्लंडच्या उत्तर भागात जायचंय, दीड वर्षासाठी. वेळापत्रक, नियम, कपड्यांची यादी सगळं पाठ झालंय. भीती वेगळीच वाटते. उठल्यापासून झोपेपर्यंत धर्म हेच काम असेल, तर काका, माझी स्वतःची श्रद्धा त्यात उरेल का? की फक्त नीट बोलायला शिकून परत येईन? आणि पुण्याच्या आजीला हे सगळं कसं सांगू? ती म्हणते, लोकांच्या दारात जाऊन देव सांगायची आपल्याकडे रीत नाही.”

तुझी भीती खरी आहे, हे आधी मान्य करतो. बोलणं सफाईदार झालं पण आतून कोरडी पडली, अशी मुलं परत आलेली मी पाहिली आहेत. आणि जाताना अर्ध्या मनानं गेलेली, येताना मात्र पाय घट्ट रोवून आलेलीही पाहिली आहेत. मी मूळचा नाशिकचा. शाळेत असताना आईवडिलांबरोबर युटाला आलो, इथेच बाप्तिस्मा घेतला, आणि एकोणिसाव्या वर्षी तू चालली आहेस त्याच लँकेशायर-यॉर्कशायरच्या पट्ट्यात मिशन केलं. आता आमच्या वॉर्डात, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीत, मिशनला निघणाऱ्यांचा तयारीचा वर्ग घेतो. एवढ्यातून माझं एक मत बनलं आहे, ते सांगतो. मिशनवर तू जे करशील त्यातलं बरंचसं मोजलं जाईल. श्रद्धा तगते ती न मोजल्या जाणाऱ्या गोष्टींवर. तेव्हा रोजच्या दिवसात असा एक वाटा राखून ठेव, ज्याचा आकडा कुठेच भरावा लागत नाही.

मोजणी म्हणजे काय, ते तुला पहिल्याच आठवड्यात कळेल. शिकवायला नवे किती लोक मिळाले, रविवारच्या सभेला किती आले, बाप्तिस्म्याची तारीख किती जणांनी ठरवली, प्रत्यक्ष बाप्तिस्मा किती जणांचा झाला. हे सगळं फोनमधल्या ॲपमध्ये जातं. डिस्ट्रिक्ट लीडर विचारतो, त्याला झोन लीडर विचारतो, आणि शेवटी ते त्या भागातल्या मिशनचा प्रमुख असलेल्या मिशन प्रेसिडेंटपर्यंत पोचतं. मी आकड्यांना नावं ठेवत नाही. अठरा-वीस वर्षांची इतकी पोरं परक्या गावांत सोडून द्यायची म्हणजे हिशेब लागणारच, नाहीतर निम्मी दुपारी झोपा काढतील. पण आकडा रोज डोळ्यांसमोर राहिला की हळूहळू प्रार्थनासुद्धा त्याच्याकडे तोंड करून होऊ लागते. “देवा, त्या कुटुंबाला रविवारी येऊ दे.” त्यांच्या भल्यासाठी येऊ दे, की संध्याकाळी लीडरचा फोन येईल तेव्हा सांगायला बरं पडेल म्हणून? दोन्ही कारणं मनात एकत्रच असतात आणि कुठलं कुठे संपतं ते स्वतःलाही कळत नाही. यावर माझा उपाय साधा होता: रात्रीच्या प्रार्थनेत ज्यांच्याकडून आता काहीही होणार नाही अशा एकाचं तरी नाव घ्यायचं. दार आपटून गेलेला माणूस, बस-स्टॉपवर दोन वाक्यं बोललेली बाई, “परत येऊ नका” असं सभ्यपणे सांगणारा म्हातारा. त्यांच्यासाठी मागितलेलं कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून ते निखळ राहतं.

वेळापत्रक तुला पाठ आहे, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, मग वैयक्तिक अभ्यास, मग जोडीदारीणीबरोबरचा अभ्यास, दहाच्या सुमारास बाहेर, रात्री नऊच्या आसपास घरी, साडेदहाला दिवा बंद. २०१७ पासून यात मिशन प्रेसिडेंटला आणि तुम्हालाही थोडी मोकळीक आहे. मी त्यातल्या एकाच तासाबद्दल बोलणार आहे: वैयक्तिक अभ्यासाच्या.

बहुतेक मिशनरी त्या तासात दिवसभराच्या पाठांची तयारी करतात. अमक्याला दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देणं, समजावायचा आहे, तमकीला मृत्यूनंतरचं काय ते विचारायचंय, मग त्याची वचनं शोध, त्यांवर खुणा कर. काही दिवसांनी अशी वेळ येते की शास्त्रातलं कुठलंही पान उघडलं की “हे कोणाला उपयोगी पडेल?” एवढंच सुचतं. “हे मला काय म्हणतंय?” हा प्रश्न पडणं बंद होतं. तो बंद पडला की समज, कोरडेपणाची सुरुवात झाली. म्हणून पहिली वीस-पंचवीस मिनिटं स्वतःसाठी ठेव. मॉर्मनच्या ग्रंथात इनॉसची गोष्ट आहे ना, शिकारीला रानात गेला आणि दिवसभर, रात्र होईपर्यंत प्रार्थना करत राहिला? त्यातला क्रम बघ. आधी स्वतःच्या जिवासाठी, मग आपल्या लोकांसाठी, मग शत्रूंसाठी. मिशनवर आपण थेट दुसऱ्या पायरीवर उडी मारतो. मिशनरींच्या मार्गदर्शक पुस्तकातला सहावा अध्याय ख्रिस्ताच्या गुणांवर आहे: धीर, नम्रता, आज्ञाधारकपणा, वगैरे. त्यात स्वतःला एक ते पाच गुण द्यायची एक यादी आहे. ती ट्रेनरला दाखवायला भरू नकोस. एकटीनं भर, तारीख टाक, वहीत ठेव. सहा महिन्यांनी पुन्हा भर. धीराच्या बाबतीत मला स्वतःला दिलेले गुण दुसऱ्या खेपेला कमी झाले होते, आणि ते बरोबर होतं. आधी मला वाटायचं की माझ्याकडे धीर आहे. खरं म्हणजे तोपर्यंत तो कोणी तपासलाच नव्हता.

शिकवण्याबद्दल एक. ते मार्गदर्शक पुस्तक २००४ मध्ये आलं. त्याआधी मिशनरी ठरलेले पाठ घोकून म्हणत. माझ्या आधीच्या मंडळींना तोंडानं पाठ चालू आणि डोक्यात जेवण, असं जमायचं. आता आपल्या शब्दांत सांगायचं असतं, पण म्हणून धोका टळला असं समजू नकोस. १८२० सालच्या वसंतात पाल्मायराजवळच्या झाडीत चौदा वर्षांचा जोसेफ स्मिथ, आपल्या चर्चचा संस्थापक, देवाला विचारायला गुडघे टेकून बसला, ही हकिकत तू इतक्यांदा सांगशील की एके दिवशी तुझाच आवाज तुला लांबून ऐकू येईल, टेप लावल्यासारखा. तसं झालं की तिथेच थांब. समोरच्याला विचार, “तुम्ही कधी असं काही मागितलंय का?” आणि मग खरंच ऐक. साक्ष देतानाही, म्हणजे आपला विश्वास बोलून दाखवतानाही, आज जेवढी आहे तेवढीच दे. “मला माहीत आहे” हे आपल्या चर्चमधलं रूढ वाक्य आहे, सगळे म्हणतात म्हणून तुझ्याही तोंडी येईल. पण एखाद्या दिवशी “माझी आशा आहे” एवढंच खरं असेल तर तेवढंच म्हण. मॉर्मनच्या ग्रंथातल्या आल्माच्या बत्तिसाव्या अध्यायात तर विश्वास ठेवण्याची नुसती इच्छा असली तरी सुरुवातीला पुरते म्हटलंय. समोरच्याला तुझं कमी पण खरं बोलणं ओळखू येतं. यॉर्कशायरच्या लोकांना तर फारच पटकन.

आता खरा विषय. कम्पॅनियन, म्हणजे मिशनवरची जोडीदारीण.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरचा फोन येतो, आणि तू निवडलेली नसलेली मुलगी तुझ्याबरोबर राहायला येते किंवा तू तिच्याकडे जातेस. ती टोंगाची असेल, घानाची असेल, आयडाहोच्या बटाट्याच्या शेतातली असेल. आंघोळीचा वेळ सोडला तर दोघी एकमेकींच्या नजरेआड होत नाही. एकच खोली, एकच स्वयंपाकघर, एकच वेळापत्रक. देवावर प्रेम करणं त्या मानानं सोपं असतं, तो घोरत नाही. शेजारच्या गादीवरची मुलगी गजर बंद करून पुन्हा झोपते, सिंकमध्ये भांडी तशीच टाकते, प्रत्येक दारात तूच बोलावंस म्हणून मागे उभी राहते, किंवा तुला एक शब्द बोलू देत नाही. आणि याच मुलीबरोबर तू सकाळी गुडघे टेकून परोपकाराविषयी प्रार्थना करतेस. तुझी श्रद्धा खरी आहे की पाठ केलेली, ते लोकांच्या दारात जेवढं कळतं त्याच्या कितीतरी पट त्या खोलीत कळतं.

माझा एक कम्पॅनियन सकाळी नऊपर्यंत तोंडातून शब्द काढत नसे. मला वाटायचं याला माझा राग आहे, कदाचित माझ्या रंगाचाही. मी केलेल्या पोह्यांना तो भिजलेला पुठ्ठा म्हणाला होता, तेही डोक्यात होतं. लँकेशायरचा पाऊस तुला माहीत नाही; तिथे तो पडत नाही, नुसता असतो. रोज संध्याकाळी बुटात पाणी. सकाळी मात्र माझे बूट कोरडे असायचे. बरेच दिवस मला वाटलं की रेडिएटरजवळ ठेवतो म्हणून वाळतात. मग एका रात्री पाणी प्यायला उठलो तर हा जमिनीवर बसून जुन्या वर्तमानपत्राचे बोळे माझ्या बुटांत कोंबत होता. स्वतःचे झाले होते, आता माझे चालले होते. मी काही बोललो नाही, तोही नाही. आम्ही फार जवळचे मित्र झालो असं नाही. पण त्यानंतर त्याच्या सकाळच्या गप्प बसण्याला मी अर्थ चिकटवणं सोडलं.

आपल्या वर्गात मॉर्मनच्या ग्रंथातल्या अमोन या मिशनरीची गोष्ट सगळेच सांगतात: राजाच्या मेंढ्या चोरायला आलेल्यांशी एकटा लढला, त्यांचे हात कापले. पोरांना लढाई आवडते. पण राजा लामोनी चकित झाला तो कशानं, ते नीट वाच. त्यानं विचारलं की तो कुठे आहे, आणि नोकर म्हणाले, तुमच्या घोड्यांना चारा घालतोय. राजानं आधी रथ-घोडे तयार ठेवायला सांगितलं होतं, आणि एवढ्या मोठ्या पराक्रमानंतर हा माणूस ते साधं काम विसरला नव्हता. राजा म्हणतो, इतका विश्वासू नोकर मी पाहिला नाही, याला माझ्या सगळ्या आज्ञा लक्षात राहतात. उपदेशाची पाळी त्यानंतर आली. पाळी आली तेव्हा ऐकणारा आधीच तयार होता.

आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी कम्पॅनियनबरोबर मोकळेपणानं बोलायची एक वेळ ठेवलेली असते: काय बरं चाललंय, काय खुपतंय, पुढच्या आठवड्यात काय बदलू. बरेच जण “सगळं ठीक” म्हणून दोन मिनिटांत उरकतात. तू उरकू नकोस. पण तिथे तक्रारींची यादीही काढू नकोस. एकच गोष्ट सांग, आणि ती सांगण्याआधी तिला विचार की माझं काय खुपतं. उत्तर ऐकून लगेच खुलासा द्यायचा मोह होईल. गप्प बस. मिशनवरचा सगळ्यात कठीण उपास कदाचित हाच.

उपासावरून आठवलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण आणि पाणीही सोडायचं, आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे, हे तू घरी करतेसच. आपल्या एकादशीसारखी इथे साबुदाण्याची सोय नाही. मिशनवर उपासाला नेहमी कोणातरी शिकवत असलेल्या माणसाचं कारण जोडलं जातं, आणि ते चांगलंच आहे. मधूनमधून मात्र एखादा उपास आभारासाठी कर, काहीही न मागता.

चहाचा प्रश्न तुला मराठी म्हणून जास्त छळेल. १८३३ सालच्या आरोग्यविषयक प्रकटीकरणानुसार आपण चहा, कॉफी, दारू, तंबाखू घेत नाही. युटात हे कोणाला सांगावं लागत नाही. उत्तर इंग्लंडमध्ये मात्र दार उघडलं आणि माणूस जरा बरा निघाला की पहिलं वाक्य येतं ते किटली ठेवण्याचं. शिवाय ब्रॅडफर्ड, लीड्स, मँचेस्टर या भागांत दक्षिण आशियाई घरं पुष्कळ. एखादी गुजराती किंवा मराठी मावशी तुझा चेहरा बघून आलं ठेचायलाच लागेल. तिथे “आमच्या धर्मात चालत नाही” हे पहिलं वाक्य असू नये. तिच्या आतिथ्याला तू नाही म्हणते आहेस असं तिला वाटेल, आणि काही अंशी ते खरंही आहे. पटकन दुसरं काहीतरी मागायचं: “मावशी, चहा नको, पण पाणी द्या, खूप तहान लागलीय,” किंवा गरम दूध, सुंठ-गुळाचं पाणी. इंग्रज घरात फळांचा स्क्वॉश माग, लहान पोरांसाठी प्रत्येक घरात असतो. घेऊन पी, पूर्ण पी, कौतुक कर. चहा का नाही असं तिनं विचारलंच तर सांग, नाही विचारलं तर सांगू नकोस. प्रत्येक नकाराचं प्रवचन करायची सवय नव्या मिशनरींना लागते. ती आपल्या नियमाच्या कौतुकातून येते, श्रद्धेशी तिचा संबंध कमी.

हेच दारातल्या बोलण्याबद्दल. हिवाळ्यात तिथे चारलाच अंधार पडतो. एकटी राहणारी म्हातारी माणसं दार उघडतात ती धर्म ऐकायला नाही, माणूस दिसावा म्हणून. त्यांना काही शिकायचं नाही, हे दोन मिनिटांत कळतं. नियोजनाच्या दृष्टीनं तिथे बसणं म्हणजे वेळ वाया. बस. वीस मिनिटं बस, त्यांच्या गिरणीतल्या दिवसांच्या गोष्टी ऐक, बल्ब बदलायचा असेल तर बदलून दे, आणि पत्रक न ठेवता निघ. रोज नाही जमणार, पण जमेल तेव्हा हे कर. मिशनवर समाजसेवेचे तासही ठेवलेले असतात, कुठे धर्मादाय दुकानात कपडे लावणं, कुठे निर्वासितांना इंग्रजी शिकवणं. त्या तासांतही डोळ्याचा एक कोपरा “इथून कोणी मिळेल का” असा फिरत असतो. तो फिरतोय एवढं तुझ्या लक्षात आलं तरी पुष्कळ. आपल्या श्रद्धेच्या तेरा कलमांपैकी अकरावं म्हणतं की आम्हाला सदसद्विवेकानुसार उपासना करायचा हक्क हवा, आणि तोच इतरांनाही आहे. कोणाच्या घरात देवघर दिसलं, कुराण दिसलं, किंवा काहीच दिसलं नाही, तरी त्या घरात आपण पाहुणे असतो.

पैशाचं थोडक्यात. अमेरिकेतल्या मिशनरींसाठी जुलै २०२० पासून महिना ५०० डॉलर घरून भरायचे ठरलेले आहेत, त्याआधी ४०० होते. सगळ्यांचे एकत्र जमा होतात, म्हणजे महागड्या शहरात पाठवलेल्याच्या घरावर जास्त बोजा येत नाही. हातात मिळतात ते जेमतेम पुरतात. तुझे आईबाबा आणि वॉर्ड ते भरतायत, हे दुकानात चॉकलेटचं तिसरं पाकीट उचलताना आठवलं तरी बास.

निराशेबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तू ज्या भागात जाते आहेस तिथली एक गोष्ट तुला सगळे ऐकवतील. पुढे १९९५ ते २००८ चर्चचे अध्यक्ष राहिलेले गॉर्डन हिंक्ली १९३३ मध्ये मिशनरी म्हणून प्रेस्टनला आले. गवताच्या परागांनी हैराण, तब्येत बिघडलेली, रस्त्यावर लोक टिंगल करणारे. वडिलांना लिहिलं की मी तुमचा पैसा आणि माझा वेळ वाया घालवतोय. वडिलांचं उत्तर आलं: स्वतःला विसर आणि कामाला लाग. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे, आणि पुष्कळ दिवस तीच औषध असते. सोमवारी घरची आठवण, मंगळवारी पाऊस, बुधवारी सगळी दारं बंद, अशा आठवड्याला कामाला लागणं हाच उतारा. पण सांगणारे सरसकट सगळ्यांना हाच डोस देतात, ते मला पटत नाही. झोप लागत नाही, जेवण जात नाही, सकाळी उठायची भीती वाटते, छातीत धडधडतं, असं आठवडे चाललं तर ते आळसाचं किंवा कमी श्रद्धेचं लक्षण नाही. ताण ओळखायला मिशनरींना एक पुस्तिका मिळते, त्यात हिरवा, पिवळा, केशरी, लाल अशा पायऱ्या आहेत. केशरीपर्यंत पोचलीस तर मिशन प्रेसिडेंट आणि त्यांच्या पत्नीला स्पष्ट सांग. समुपदेशनाची सोय असते. लवकर परत आलेल्या मुलांकडे आपल्या युटात लोक कसे बघतात ते तुला ठाऊक आहे. त्या बघणाऱ्यांसाठी तब्येत पणाला लावू नकोस. माझ्या वर्गातून गेलेल्यांपैकी लवकर परत आलेले काही जण आज वॉर्डात सगळ्यात भरवशाचे आहेत.

प्रेस्टनला रिबल नदीच्या काठी एकदा जाऊन ये, पी-डेला, म्हणजे आठवड्यातल्या तयारीच्या मोकळ्या दिवशी. ३० जुलै १८३७ रोजी इंग्लंडमधले आपले पहिले नऊ बाप्तिस्मे त्या नदीत झाले. पहिला कोण, हे ठरवायला दोघांनी नदीपर्यंत धावायची शर्यत लावली आणि जॉर्ज वॉट जिंकला. इतिहासातलं हे मला फार आवडतं. इतक्या गंभीर गोष्टीत पोरं धावली.

पण त्याच काळातला दुसरा माणूस तुला मराठी म्हणून माहीत असावा. ह्यू फिंडली नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला गेला. तुझ्या आजीच्या पुण्याला! छावणीत लष्करी अधिकारी प्रचार करू देईनात, वर्तमानपत्रं आणि पाद्री विरोधात. जे मूठभर लोक त्याच्याबरोबर आले त्यांत बहुतेक युरोपीय. काही वर्षांत तो परत गेला आणि ते मिशन आटोपलं. तुझ्या फोनमधल्या ॲपमध्ये फिंडलीचे आकडे भरले असते तर त्याला लीडरचे किती फोन आले असते, देव जाणे. त्यानं डायरी लिहिली म्हणून आज आपल्याला तो कळतो. तूही लिही. कोणाला शिकवलं आणि कोण आलं ते ॲपमध्ये आहेच, ते पुन्हा लिहू नकोस. आज काय खटकलं, कुठली प्रार्थना अर्धवट सोडली, कोणाचा राग आला आणि तो किती वेळ टिकला, हे लिही. दोन ओळी चालतील. घरी पाठवायच्या ईमेलमधली भाषा या वहीत येऊ देऊ नकोस. ईमेलमध्ये आपण सगळेच जरा उजळ दिसतो.

फोनबद्दल. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला पी-डेच्या दिवशी घरी बोलता येतं. आमच्या वेळी आठवड्याचा ईमेल, आणि फोन नाताळला आणि मातृदिनाला, बस. नवी पद्धत चांगली आहे, फक्त त्या फोननंतरचा दिवस जपायला हवा, मन घरीच राहतं. मिशनवर अशा घरात अडकलेल्या मनाला ‘ट्रंकी’ म्हणतात, जणू ट्रंक भरून बसलाय. बोलणं झालं की लगेच बाहेर पड, काहीतरी हातानं करायचं काम घे. कपडे धुणं उत्तम.

राहिली आजी. तिला उत्तर द्यायच्या आधी तिचं म्हणणं थोडं खरं आहे हे कबूल कर. आपल्याकडे देव सांगत फिरणारे कीर्तनकार होतेच, पण दारावर टकटक करून “तुमच्यापेक्षा आमचं” असं कोणी केलं नाही, आणि त्याबद्दलची तिची नाराजी वाद घालून जाणार नाही. मिशन म्हणजे काय हे तिला तत्त्वज्ञानातून समजावू नकोस. ती पहाटे उठते, आंघोळ केल्याशिवाय पूजेला हात लावत नाही, आजारी असली तरी दिवा चुकवत नाही, आणि कितव्यांदा लावला ते मोजत नाही. तिला सांग की मीही दीड वर्ष असाच नेम घेतलाय: पहाटे उठणं, वाचन, प्रार्थना, ठरलेलं खाणंपिणं, घरापासून लांब राहून लोकांच्या उपयोगी पडणं. दाराचा मुद्दा ती काढेलच. तेव्हा एवढंच म्हण की कोणी नको म्हटलं तर मी परत फिरते, आजी. आणि हे नुसतं तिच्या समाधानासाठी म्हणू नकोस, खरोखर परत फिर. फोनवर तिला चुकूनही शिकवायला जाऊ नकोस. तिच्या गुडघ्यांचं विचार, पाडव्याला काय केलं ते विचार, तिनं आशीर्वाद दिला तर घे.

आता कामाचं. पी-डे बहुतेक ठिकाणी सोमवारी असतो. इंग्लंडमध्ये दुपारी दोन वाजता फोन लावलास तर लीहायला सकाळचे सात असतील, आईबाबा ऑफिसला निघायच्या आत बोलतील. त्याच वेळी पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. ऑक्टोबरच्या शेवटी इंग्लंडचं घड्याळ अमेरिकेच्या आठवडाभर आधी मागे जातं, मार्चमध्येही काही आठवडे गणित बिघडतं, तेव्हा आधी कळव, नाहीतर बाबा सातपासून वाट बघत बसतील आणि तुझा फोन येईल आठला. आजीची मालिका आठला सुरू होते असं तुझी आई म्हणाली, त्याआधी आटप. बूट दोन जोड घे, दोन्ही खरोखरच पाणी न शिरणारे, युटातल्या दुकानात “वॉटरप्रूफ” लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नकोस. पोहे मँचेस्टरमधल्या देशी दुकानांत मिळतात, बॅगेत जागा घालवू नकोस. गोडा मसाला मात्र घरून ने.